पथरी म्हणजे मूतखडा नव्हे

‘मराठीत याला शब्दच नाहीत, त्यामुळे ते घडवावे लागतील.’ वस्तऱ्याला घरच्या घरी धार कशी लावावी हे शिकवणाऱ्या एका इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद मी करायला घेतला, तेव्हा प्रकाशनाच्या संपादकांकडून आलेल्या पत्रातलं हे पहिलं वाक्य. सोबत घडवलेल्या शब्दांची यादी होती. दगडाला शाणप्रस्तर, चामड्याच्या पट्ट्याला चर्मपट्टिका, दगडावर घासण्याला धारासंस्करण. आणि वस्तऱ्याला, हो, वस्तऱ्यालासुद्धा, ऋजुक्षुर. का, तर इंग्रजीत त्याला सरळ वस्तरा म्हणतात आणि मराठीत नुसताच वस्तरा म्हटलं तर ‘सरळ’चं काय झालं असं वाचक विचारेल.

असा वाचक मला अजून भेटलेला नाही. पण या यादीशी माझं भांडण आहे, आणि ते मी अनेक भाषांच्या या नियतकालिकात मुद्दाम मांडते आहे, कारण ही यादी थोड्याफार फरकाने हिंदीतही निघाली असती आणि गुजरातीतही. आपल्याकडे लिहिणारा वर्ग एकीकडे आणि हत्यार धरणारा दुसरीकडे. लिहिणाऱ्याला एखादा शब्द ठाऊक नसला की तो भाषेतच नाही असं जाहीर होतं, आणि मग संस्कृतच्या टाकसाळीत नवी नाणी पडायला लागतात. मराठीत शब्द नाहीत हे वाक्य खोटं आहे. खरं वाक्य असं की, ज्यांच्याकडे ते आहेत त्यांना आम्ही कधी विचारलं नाही, आणि विचारणं आम्हाला कमीपणाचं वाटलं.

आधी त्या पुस्तकाबद्दल. ते वाईट नाही. किंग कॅम्प जिलेट यांचा सेफ्टी रेझर १९०३ साली बाजारात आला तेव्हा त्याच्या जाहिरातींचा सगळा भर एकाच गोष्टीवर होता: आता दगड नको, पट्टा नको. पातं बोथट झालं की फेका आणि नवं विकत घ्या. धार लावण्याच्या कटकटीतून पुरुषाची सुटका, हाच विकायचा माल होता. त्या सुटकेला शंभर वर्षं उलटून गेल्यावर त्याच पुरुषांची पणतवंडं जुन्या बाजारातून झोलिंगेनचे वस्तरे, बेल्जियमचे पिवळट नैसर्गिक दगड आणि जपानी पाण्याचे दगड हुडकून आणतात आणि रविवारची सकाळ त्यांत घालवतात. घालवोत बापडे. हाताने काही नीट करायला शिकणं ही चांगलीच गोष्ट आहे. हे पुस्तक अशांसाठी आहे, आणि मराठीतही त्याला वाचक मिळतील.

माझ्या हनुवटीला वस्तऱ्याचं काही काम नाही. पण जे क्रियापद मी हाताने केलेलं नाही त्याचा अनुवाद मी करत नाही, म्हणून एक जुना वस्तरा आणि दोन दगड घेऊन मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसले. मी वडोदऱ्याला राहते. इथल्या जुन्या शहरात एक वयस्कर नाभिक गृहस्थ आहेत. घरी मराठी, दुकानात गुजराती. दुकान आता मुलगा चालवतो. हे सकाळी येऊन पेपर वाचतात. त्यांच्याकडे मी वस्तरा आणि पुस्तकाचं एक प्रकरण घेऊन गेले. पुस्तकातली चित्रं त्यांनी चष्मा सारखा करत बघितली आणि म्हणाले, ‘हे तर पथरीवर लावणं आहे. याचं पुस्तक काढलं?’

पथरी. मी हा शब्द संपादकांना कळवला. उत्तर आलं: पथरी म्हणजे मूतखडा ना?

तर, पथरी म्हणजे मूतखडा. आणि पथरी म्हणजे वस्तऱ्याला धार लावण्याचा लहान, गुळगुळीत दगड. दोन्ही अर्थ मराठीत चालतात, गुजरातीत चालतात, हिंदीत चालतात. हिंदी पट्ट्यातला नाई याच दगडाला सिल्लीही म्हणतो आणि पट्ट्याला चमोटा. साहित्याच्या विभागांनी तीन भाषांमध्ये घातलेली कुंपणं या दगडाला ठाऊकच नाहीत. वस्तरा हा शब्द घ्या. फारसी उस्तुरा, त्याचा हिंदीत उस्तरा झाला, मराठीत वस्तरा, गुजरातीत अस्त्रो. गुजराती रूप ऐकून लोकांना त्यात संस्कृतातलं अस्त्र दिसतं, पण ते तिथे नाही. बंगालीने मात्र क्षुरच ठेवला, त्याचा खुर झाला. मी जादवपूरला तौलनिक साहित्य शिकले तेव्हा रस्त्याकडेला विटेवर गिऱ्हाईक बसवून खुर चालवणाऱ्या न्हाव्याच्या दुकानाला कलकत्त्याचे लोक इटालियन सेलून म्हणायचे, इट म्हणजे वीट म्हणून. शब्दांच्या प्रवासाचा हा असा अभ्यास आम्ही फुटपाथवर हसण्यावारी नेत होतो आणि वर्गात प्रवासाचे सिद्धान्त वाचत होतो.

याच विद्येतलं आणखी एक उदाहरण. कठोपनिषदात अवघड वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा आहे. सॉमरसेट मॉम यांनी १९४४ साली आपल्या कादंबरीचं नाव तिथूनच घेतलं. उपनिषदापासून इंग्रजी कादंबरीपर्यंत ती धार कशी पोचली यावर निबंध लिहिता येतो आणि लोक लिहितातही. ती लावली कुणी आणि कशी, हा प्रश्न त्यात येत नाही. धार ही आम्हाला कायम तयारच मिळालेली आहे.

म्हणून ती कशी लावतात ते थोडं सविस्तर सांगते. शब्द कुठून येतात ते त्याशिवाय कळत नाही.

वस्तऱ्याची पाठ जाड असते ती उगाच नाही. पाठ आणि धार, दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवायच्या. मग कोन आपोआप ठरतो, साधारण १६-१७ अंशांचा. घासता घासता धार झिजते तशी पाठही झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षं तो फारसा बदलत नाही. सुरीला धार लावताना कोन मनगटाने सांभाळावा लागतो. वस्तऱ्यात तो घडवणाऱ्यानेच ठेवून दिलेला असतो. दगडावर धार पुढे ठेवून जायचं, जणू दगडाचा पापुद्रा काढायचा आहे. टोकाला पोचलं की पाठीवर वस्तरा उलटवायचा आणि तसंच परत यायचं. उलटवताना धार दगडाला लागली तर मघाची मेहनत पाण्यात. दगड पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असतो, म्हणून हात तिरपा जातो. पुस्तकात या तिरप्या हाताला एका इंग्रजी अक्षराचं नाव आणि दीड पान आहे. काका नुसतं ‘तिरपा हात’ म्हणतात.

पुस्तकाचे आकडे उपयोगाचे आहेत, ते मी नाकारत नाही. दगडाचा क्रमांक जितका मोठा तितका त्याचा कण बारीक. १००० वर धारेच्या दोन्ही बाजूंचे उतार नीट बसवून घ्यायचे, पुढे ४०००, ८०००, आणि शेवटचा हात १२००० वर. दगड मुळात सपाट हवा. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि त्या सगळीकडे सारख्या पुसल्या जाईपर्यंत तो घासायचा. १००० वरून उतरलेल्या वस्तऱ्याने हातावरची लव निघाली पाहिजे. निघत नसेल तर पुढच्या दगडाकडे जाण्यात अर्थ नाही, कारण बारीक दगड चूक दुरुस्त करत नाही, तिला नुसती चकाकी आणतो. काकांच्या धोकटीत क्रमांक नव्हते. एक पथरी, थोडं पाणी, एक पट्टा आणि स्वतःचा तळहात.

आणि दाब. नव्या माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू दाब. घासायचं म्हटलं की आपण भांडी घासल्यासारखं घासतो. पुस्तकात दाब किती ग्रॅमचा असावा, तो टप्प्याटप्प्याने कसा कमी करत न्यावा, वजनकाट्यावर दगड ठेवून सराव कसा करावा, हे सगळं आहे. काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘दाबायचं नाही, ताई. दगडाला नुसता दाखवून आणायचा.’

दगडाला दाखवून आणायचा. मी वीस वर्षं अनुवाद करते आहे. हे वाक्य मला सुचलं नसतं, आणि यादीतल्या ‘न्यूनतम भारयुक्त घर्षण’ या शब्दप्रयोगात ते मावणार नाही. त्या वाक्याने हात हलका होतो. शेवटच्या दगडावर खरंच नुसतं वस्तऱ्याचं वजन असतं. उतार नीट बसलेले असले की पाणी धारेच्या पुढे ढकललं न जाता पात्यावर चढायला लागतं, आणि पातं दगडाला हलकंसं चिकटल्यासारखं वाटतं. आवाजही बदलतो, खरखर जाऊन नुसती सळसळ उरते.

मग पट्टा. इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे, नाहीतर चामडं चिरतं. पट्टा ताणलेला हवा, ढिला पडला की धार गोल होते. याला काका परजणं म्हणतात. ‘पथरी महिन्या-दोन महिन्यांनी, परजायचं मात्र रोज.’ परजणं हा शब्द आपण ऐतिहासिक कादंबऱ्यांत वाचतो, तिथे मावळे तलवारी परजतात आणि वाचकाच्या अंगावर काटा येतो. न्हाव्याने वस्तरा तळहाताच्या मांसल भागावर उलटसुलट ओढला तर तेच क्रियापद कोशाबाहेरचं, बोलीतलं, ‘कदाचित प्रादेशिक’ ठरतं. हे शेवटचे दोन शब्द माझे नाहीत, संपादकांच्या समासातल्या शेऱ्यातले आहेत.

जाता जाता समीक्षकांसाठी एक. आपल्या परीक्षणांत ‘धारदार लेखन’ हा शब्दप्रयोग कशासाठी वापरला जातो बघा. लेखक ओरडला की धारदार, शिवी दिली की धारदार, वाचकाला खरचटलं की फारच धारदार. वस्तरा खरचटतो तो बोथट असताना. धार लागलेला वस्तरा लागतो आहे हे कळतसुद्धा नाही. तो आवाज करत नाही आणि ओढत नाही. हे एकदा हातावर करून पाहिलं तर निम्मी परीक्षणं वेगळी लिहावी लागतील.

पण मूळ मुद्दा शब्दांच्या जातीचा आहे, आणि तो आडवळणाने मांडण्याचं कारण नाही. हजामत या शब्दाकडे बघा. त्याचं मूळ अरबी हिजामा, म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणं. न्हावी हा दाढी करणाराही होता आणि तुंबडी लावणारा, गळवं फोडणारा शल्यकर्मीही होता, हे त्या एका शब्दात साठलेलं आहे. आपण त्याचं काय केलं? वैद्यकाचा अर्थ पुसून टाकला आणि कुणाची तरी फजिती करण्यासाठी तो वापरायला लागलो. मुंजीत, तीर्थक्षेत्री तोच वस्तरा फिरला की मात्र ते क्षौर. एकच हात, एकच हत्यार, फक्त समोरचं डोकं बदललं की शब्द संस्कृत होतो. ऋजुक्षुर हा शब्द याच परंपरेतला आहे. तो अचूकपणासाठी घडवलेला नाही. वस्तऱ्याला लागलेला न्हाव्याचा हात धुऊन काढण्यासाठी तो घडवला आहे.

सेना न्हावी यांना याची गरज पडली नव्हती. त्यांनी आपल्या धंद्याची हत्यारं जशीच्या तशी, त्यांच्या रोजच्या नावांनी अभंगात आणली आणि त्यांच्यावर भक्तीचं रूपक उभं केलं. सैण या नावाने त्यांना शीख परंपराही आपलं मानते. गुरू ग्रंथसाहिबात त्या नावाचं पद आहे. पंढरपूरपासून पंजाबपर्यंत पोचायला आरसा आणि चिमटा पुरेसे पडले.

आता मला उलटून जे विचारलं जाईल ते मीच विचारते. ही सगळी न्हाव्याच्या धोकटीची आरती तर नाही? नाही. त्या वस्तऱ्याने काय काय केलं ते मला, विशेषतः बाई म्हणून, विसरता येणार नाही. विधवांच्या डोक्यावर तोच फिरला. त्याचबरोबर हेही विसरता येणार नाही की १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. सुधारकांनी पानंच्या पानं लिहिली; वस्तरा धरणाऱ्यांनी तो खाली ठेवला. या घटनेला आपल्या सामाजिक इतिहासात जागा आहे ती बहुतेक दोन ओळींची.

आणि ‘घरच्या घरी’ या शब्दांचंही असंच आहे. पुस्तकात ते कौतुकाचे शब्द आहेत. डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात सांगितलं आहे की साताऱ्यात न्हावी अस्पृश्यांचे केस कापत नसत, म्हणून त्यांचे आणि भावांचे केस त्यांची मोठी बहीण घरीच कापत असे. न्हावी कमी होते असं नव्हे. स्वतः वरच्यांकडून हिणवला गेलेला माणूस खालच्याला शिवायला तयार नव्हता. घरी केलेली हजामत ही कुणाची रविवारची हौस असते आणि कुणावर लादलेली असते, हे प्रस्तावनेत एका परिच्छेदात यावं असं मी सुचवलं होतं. ‘विषयांतर’ असं उत्तर आलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. स्वतः काकांच्या मुलाला पथरी नको आहे. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली चेन्नईत झाली. नंतरच्या वर्षांत प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं ही मागणी गावोगाव पोचली, आणि ती योग्यच होती. दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धं खोबणीत सरकवायचं, दाढी झाली की फेकायचं. एका पिढीत दगड आणि पट्टा दुकानातून गेले. मुलाच्या दुकानात वातानुकूलन आहे, मोठे आरसे आहेत, आणि त्याला कुणी ‘ए न्हावी’ म्हणून हाक मारत नाही. बापाची धोकटी त्याने माळ्यावर टाकली याबद्दल त्याला उपदेश करणारी मी कोण? कला टिकवा, वारसा जपा, असं नोकरदारांनी कारागिरांच्या मुलांना सांगत राहणं मला सहन होत नाही. त्याने काही जपू नये. माझी मागणी त्याच्याकडे नाहीच, ती लिहिणाऱ्यांकडे आहे. त्याच्या बापाला जे येतं त्याचं पुस्तक आपण इंग्रजीतून आणणार असू, ते छापणार आणि विकणार असू, तर त्यात त्याच्या बापाची भाषा असू द्या.

तिसरा आक्षेप अगदीच किरकोळ: पथरी नागपुरात किंवा पणजीत कळणार नाही. शाणप्रस्तर कुठे कळणार आहे? पथरी कळली नाही तर वाचक गल्लीतल्या म्हाताऱ्या नाभिकाला विचारू शकतो. तिथे वेगळा शब्द असेल तर तो मिळेल आणि भाषेत एकाची भर पडेल. शाणप्रस्तराबद्दल तो कुणाला विचारणार? संपादकांना?

घडवलेला प्रत्येक शब्द वाईट असं मी म्हणत नाही. सावरकरांचा महापौर रुजला, कारण ते पद इथे नवं होतं आणि त्याला आधीचा शब्द नव्हता. नवी वस्तू आली तर नवा शब्द घडवा. पण घरात शतकानुशतकं असलेल्या हत्याराला परकं ठरवून त्याचं पुन्हा बारसं करणं हा वेगळा उद्योग आहे. आणि तो आपण फक्त वस्तऱ्याच्या बाबतीत करत नाही. सुताराचा रंधा, चांभाराची रापी, कुंभाराचं चाक, विणकराचा माग यांवरची इंग्रजी पुस्तकं एकेक करून येतील, कारण हाताचं काम आता शहरात फॅशन आहे. प्रत्येकासोबत अशी एक यादी येईल. अनुवादकांनी ती यादी परत पाठवली पाहिजे आणि मानधनात कारागिराकडे बसण्याचे दिवस मोजून मागितले पाहिजेत. ग्रंथालयात बसण्याचे दिवस आपण मागतोच की.

माझा करार तुटला. मी शब्द बदलायला नकार दिला, आणि पुस्तक दुसऱ्या अनुवादकाकडे गेलं. त्यांच्याशी माझी ओळख नाही, पण काकांच्या संमतीने मी माझी शब्दयादी त्यांना पाठवली आहे, विनामूल्य. त्यात पथरी आहे, परजणं आहे, पाजवणं आहे, पाठ, तिरपा हात, धार मरणं, धारेला दाते पडणं आहे, प्रत्येकासमोर गुजराती आणि हिंदीतली रूपं आहेत. पहिला शब्द वस्तरा, आणि त्याच्यापुढे फारसी मूळ दिलं आहे. ‘दगडाला दाखवून आणणं’ हे शेवटी आहे, काकांचं नाव सोबत लावून. ते वापरलं तर नाव छापावं, एवढी एकच अट आम्ही दोघांनी घातली आहे.